काचेशेजारचे खड्डे

सुताराकडून हौसेने सागवानी काचेचं कपाट करून घेतलं, पॉलिशवाल्याने लॅकरचे दोन-तीन हात मारले आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर काचेच्या चौकटीलगत बारीक गोल खड्डे! बाकी दार गुळगुळीत. मग खापर कधी लाकडावर फुटतं, कधी थिनरवर, कधी पावसाळी हवेवर. त्या हवेचा गुन्हा वेगळा आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि पॉलिश दुधाळ दिसू लागतं. खड्डे ती पाडत नाही.

खड्डे पाडतं ते काच बसवायला वापरलेलं सिलिकॉन. ट्यूबमधलं थोडंसं बोटाला लागतं, बोटावरून फडक्याला आणि फडक्यावरून लाकडाला. त्यातल्या सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण मीटरला जेमतेम 21 मिलिन्यूटन, पाण्याचा 72. लॅकर या दोहोंच्या मधलं. तेलाच्या अदृश्य ठिपक्यावर ओलं लॅकर पडलं की तेवढ्या जागी त्याचा ताण उतरतो, भोवतालचा जास्त ताणाचा थर त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि मध्ये खड्डा उरतो. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून मध्ये साबणाचा थेंब सोडला की मिरपूड कडेला पळते, तोच हा खेळ.

पाण्यावरच्या नगण्य तेलकटपणाने एवढा फरक पडतो, हे मोजून दाखवलं ते ॲग्नेस पोकेल्स यांनी, जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या राहत्या घरी. त्या काळी मुलींना तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम हाच दिनक्रम. भांडी घासण्याच्या पाण्यावरची साय न्याहाळता न्याहाळता त्यांनी पत्र्याचं पसरट पात्र केलं. पाण्याच्या पृष्ठभागावर पत्र्याची पट्टी सरकवून त्यावरचा थर दाबायचा आणि पाण्याला टेकलेली छोटी चकती उचलायला किती जोर लागतो ते तराजूने पाहायचं, अशी ती युक्ती. जानेवारी 1891मध्ये त्यांनी इंग्लंडमधले पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं आणि 12 मार्चला रॅले यांच्या शिफारशीसह ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे अशाच पात्रात सुधारणा करून अर्व्हिंग लँगम्युअर यांनी काम केलं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी 1932चं नोबेल त्यांना मिळालं आणि पात्रालाही त्यांचंच नाव चिकटलं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीच्या पोकेल्सबाईंना मानद डॉक्टरेट दिली. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘पोकेल्स परिणाम’ सापडतो खरा, पण तो त्यांच्या धाकट्या भावाचा, फ्रीडरिशचा!

आता कपाटाकडे वळू. खड्ड्यांवर आणखी एक हात मारणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. नुसतं घासूनही भागत नाही. पॉलिश पेपर तेल आणखी पसरवतो. बाजारात खड्डे घालवणारी औषधं मिळतात, त्यांतली बरीचशी म्हणजे चक्क सिलिकॉनच. सगळ्या लॅकरचाच ताण तेलाइतका खाली आणायचा की ठिपका वेगळा राहत नाही. युक्ती चतुर आहे, पण एकदा मिसळलं की पुढच्या प्रत्येक हातात मिसळत राहावं लागतं.

त्यापेक्षा जुना मार्ग बरा. लॅकर पूर्ण वाळू द्यावं, मिनरल टर्पेंटाइनने पुसावं आणि दर पुसण्याला फडकं बदलावं. मग हलका पॉलिश पेपर फिरवून मेण काढलेल्या चपडा लाखेचा पातळ हात द्यावा. लाख ज्या स्पिरिटमध्ये विरघळते, त्याचा ताण 22च्या आसपास, म्हणजे सिलिकॉन तेलाच्या जवळच. म्हणून ती ठिपक्यावरूनही सहसा पसरते आणि स्पिरिट झटपट उडून तेल खाली कोंडलं जातं. त्यावर लॅकरचे हात जाड नकोत, फवाऱ्याने विरळ द्यावेत. हे सगळं कोरड्या दिवशी, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास शेगडी किंवा उदबत्ती पेटलेली नसताना.

आणि नवं कपाट करायला टाकलं असेल, तर सुताराला आधीच सांगून ठेवा: पॉलिश पूर्ण वाळल्याशिवाय काच बसवायची नाही, आणि बसवताना ट्यूब नको, लाकडी पट्टी आणि बारीक खिळे पुरेत.