विजेच्या पोटातल्या सुया

‘दामिनी’ ॲप वीज कुठे पडली ते सांगतं, पण ढगाच्या आत ती कुठून कुठे गेली हेही कळतं का, असं एका वाचकानं विचारलं आहे. कळतं, पण कॅमेऱ्यानं नाही. ढगात उजेड विखुरतो आणि अख्खा ढगच आकाशकंदिलासारखा पेटतो. रेडिओलहरी मात्र त्यातून सरळ बाहेर येतात.

जुन्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह लावा आणि शेजारचं दिव्याचं बटण दाबा. लावताना ‘कट्’, मालवताना ‘कट्’. मधे दिवा जळतोय तेव्हा काही नाही. विजेचंही तसंच. प्रवाह झटक्यात सुरू होतो किंवा तुटतो, तिथून लहर निघते. संथ वाहतो तिथे शांतता. त्यामुळे ‘विजेतल्या प्रवाहाचा नकाशा’ असं छापून आलं की मला खटकतं. नकाशा झटक्यांचा असतो, प्रवाह त्यावरून ताडायचा.

झटक्याची जागा ठरते वेळेवरून. तीच लहर एका अँटेनाला आधी पोचते, दुसरीला किंचित उशिरा. एका नॅनोसेकंदात ती ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी! घड्याळं त्या तोलाची हवीत.

दक्षिण आफ्रिकेत डी. ई. प्रॉक्टर यांनी ही युक्ती १९७१ सालीच छापली होती. पाच केंद्रं, फिल्मवर उमटलेल्या रेघा आणि त्यातला एकेक झटका हातानं मोजायचा. आजच्या बातम्यांत त्यांचं नाव शोधूनही सापडत नाही.

बातम्यांत असते नेदरलँड्सची ‘लोफार’. ही रेडिओ दुर्बीण, पण तबकडी नाही. माळावर रोवलेल्या हजारो साध्या अँटेना. उभारली विश्वाच्या बालपणीचा हायड्रोजन ऐकायला, पण वीज चमकली की शेवटचे काही सेकंद जसेच्या तसे जपून ठेवता येतात. ग्रोनिंगेन विद्यापीठाचे ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्यातून ‘सुया’ शोधल्या. विजेची धनभारित फांदी रेडिओवर जवळजवळ मुकी असते. नेमक्या तिच्याच अंगावर या सुया निघाल्या: सुमारे १०० मीटर लांब, पाच मीटरहूनही बारीक, पुन्हापुन्हा लुकलुकणाऱ्या. फांदीतला ऋणभार पुढे निघून जायच्या ऐवजी या आडवाटांनी ढगात परत शिरतो, असं त्यांचं म्हणणं. ढग एका दमात रिता होत नाही तो त्यामुळेच असावा. पाऊण-एक सेकंद तीच वीज त्याच जागी थरथरताना आपण खिडकीतून पाहतो, ती बहुधा याच उरलेल्या भाराच्या जोरावर.