स्थिर वर्णसंख्येचे शब्द आणि स्थानसंकेत : बिरसीचे उदाहरण

इंग्रजीत चार वर्णांचे, 'जी'ने आरंभ होणारे आणि 'डी'ने संपणारे शब्द वेचावयाचे ठरविले, तर गोल्ड, गुड, ग्लॅड, ग्रिड असे काही शब्द सहज आठवतात. आदी आणि अंत्य वर्ण निश्चित असल्यामुळे केवळ मधली दोन स्थाने रिकामी राहतात व ती 26 गुणिले 26, म्हणजे 676 प्रकारांनी भरता येतात. परंतु भाषेने या 676 मांडण्यांपैकी अगदी मोजक्याच स्वीकारल्या आहेत. शब्द उच्चारता यावयाचा तर त्यात स्वर हवा, आणि व्यंजनांचे संयोगही त्या भाषेला मान्य असलेलेच हवेत. उरलेल्या मांडण्या गणिताच्या दृष्टीने संभाव्य असल्या, तरी भाषेच्या दृष्टीने त्या वर्ज्य होत.

येथे 'वर्ण' या संज्ञेने रोमन लिपीतील सुटे चिन्ह अभिप्रेत आहे. देवनागरीतील अक्षर हे याहून निराळे एकक आहे. 'बिरसी' या नावात देवनागरीत तीन अक्षरे आहेत. तेच नाव रोमन लिपीत लिहिताना पाच वर्ण लागतात. म्हणून शब्दाची लांबी सांगताना एकक कोणते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे.

भाषेने वर्ज्य ठरविलेल्या मांडण्यांचाही व्यवहारात उपयोग होतो. गोंदिया तालुक्यातील बिरसी येथे 1940 साली, ब्रिटिश अमदानीत, धावपट्टी बांधण्यात आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीनुसार या विमानतळाचा चार वर्णांचा संकेत 'व्ही-ए-जी-डी' असा आहे. त्यातील पहिला वर्ण दक्षिण आशिया व लगतच्या काही देशांचा, आणि दुसरा भारताच्या पश्चिम हवाई विभागाचा निदर्शक होय. नागपूरचा 'व्ही-ए-एन-पी', पुण्याचा 'व्ही-ए-पी-ओ' आणि मुंबईचा 'व्ही-ए-बी-बी' हे संकेत याच गटातील होत. कोलकाता, दिल्ली व चेन्नई येथील संकेतांत दुसऱ्या स्थानी अनुक्रमे 'ई', 'आय' आणि 'ओ' हे वर्ण येतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाशी असलेले बिरसी 'पश्चिम' गटात पडते, कारण हे वर्गीकरण हवाई व्यवस्थेच्या सोयीने झालेले आहे. या गटातही दोनच स्थाने मोकळी असल्यामुळे मांडण्या पुन्हा 676 च. फरक इतकाच की, 'जी' व 'डी' यांमध्ये येणाऱ्या मांडण्यांची निवड भाषा करते, तर येथे उच्चाराचे कोणतेच बंधन नाही.

या मोकळीकीची किंमत मात्र द्यावी लागते. क्लॉड शॅनन यांनी 1948 च्या आपल्या प्रबंधात सर्वसाधारण इंग्रजी लेखनातील आधिक्य सुमारे 50 टक्के असल्याचा अंदाज मांडला. आधिक्य म्हणजे मजकुराचा तो भाग, जो लेखकाच्या निवडीने नव्हे तर भाषेच्या घडणीनेच ठरलेला असतो. इंग्रजी 'एअरपोर्ट' या शब्दात सात वर्ण आहेत. त्यांतील एखादा पुसला गेला तरी वाचक तो मनाने भरून काढतो. हे आधिक्याचेच फळ होय. संकेतात आधिक्य जवळजवळ नसते. प्रवासी तिकिटांवर व सामानाच्या चिठ्ठ्यांवर गोंदियासाठी 'जी-डी-बी' हा तीन वर्णांचा संकेत वापरला जातो. त्यातील शेवटच्या 'बी'ऐवजी 'एन' लिहिला गेला, तर उरतो तो निरर्थक वर्णसमूह नव्हे; तो पोलंडमधील बाल्टिक किनाऱ्यावरच्या गदान्स्क या शहराचा संकेत होय. शब्दातील चूक बहुधा चूक म्हणून ओळखू येते; संकेतातील चूक मात्र दुसऱ्या एखाद्या स्थानाचे खरे नाव होऊन बसते.

लेखनात ही अडचण काळजीने टाळता येते. बिनतारी संभाषणात ती अधिक बिकट होते. 'बी', 'डी', 'जी', 'पी' आणि 'व्ही' ही वर्णनामे एकाच स्वराने संपतात, आणि यंत्राच्या खरखरीत त्यांतील भेद लोपतो. यासाठी प्रत्येक वर्णाला एक पूर्ण शब्द नेमून देण्यात आला. अनेक देशांच्या भाषकांकडून शब्दांची पारख करवून घेतल्यानंतर 1956 च्या मार्चपासून आजची शब्दमाला अमलात आली. तीनुसार बिरसीच्या विमानतळाचा चार वर्णांचा संकेत 'व्हिक्टर, अल्फा, गोल्फ, डेल्टा' असा उच्चारला जातो. या शब्दांची लांबी समान नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे. एखादा ध्वनी हरवला तरी शब्द ओळखता येतो. आटोपशीरपणासाठी संकेतातून जे आधिक्य काढून टाकले, तेच सुरक्षिततेसाठी शब्दांच्या रूपाने परत आणावे लागले. बिरसीच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या वैमानिकालाही उड्डाणाबरोबर ही शब्दमाला आत्मसात करावी लागते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संकेत स्थिर राहतात, नावे बदलतात. 'बॉम्बे'चे अधिकृत नाव 1995 मध्ये मुंबई झाले, तरी 'बी-ओ-एम' हा संकेत कायम आहे. चेन्नईच्या 'एम-ए-ए'मध्ये मद्रास हे नाव अद्याप टिकून आहे. अशा ठिकाणी संकेत हा जुन्या नावाचा अवशेष ठरतो. परंतु म्हणून प्रत्येक संकेतात व्युत्पत्ती शोधणे युक्त नव्हे. पुण्याच्या 'पी-एन-क्यू'मधील 'क्यू' त्या नावाच्या कोणत्याही ध्वनीशी जुळत नाही. तेव्हा 'जी-डी-बी'तील 'बी' पाहून तो बिरसीचाच आद्य वर्ण होय असा निष्कर्ष केवळ साम्यावरून काढणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. बिरसी या नावातील तीन व्यंजने घेऊन बनणारा 'बी-आर-एस' हा संकेत तर इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या वाट्याला गेलेला आहे.

सारांश, समान वर्ण व ठराविक लांबी हे बंधन शब्दाला आणि संकेताला सारखेच लागू असले, तरी दोहोंचा धर्म भिन्न आहे. शब्द चुका सोसतो, कारण संपूर्ण भाषा त्याच्या पाठीशी उभी असते. संकेताच्या पाठीशी असते ती केवळ एक यादी. म्हणून त्याचे वाचन व लेखन करणाऱ्यावरच अचूकपणाची सर्व जबाबदारी येऊन पडते.