बटाट्यावरील बांगडी रोग व ओली सड

बटाट्याचे पीक हिरवेगार असता एखादे झाड भर दुपारी मलूल होते, संध्याकाळी पुन्हा टवटवीत दिसते आणि थोड्याच दिवसांत पाने हिरवी असतानाच कायमचे कोमेजते. पाणी कमी पडले असावे, असे समजून शेतकरी एक पाळी जादा देतो. ही समजूत घातक आहे; कारण वाहत्या पाण्याबरोबर रोग सरीतील पुढच्या झाडांपर्यंत पोहोचतो.

असे झाड उपटून त्याचा बटाटा आडवा कापून पाहावा. सालीच्या आत तपकिरी कडे दिसते व दाबले असता त्यातून पांढुरके, चिकट थेंब बाहेर येतात. या कड्यावरूनच रोगास ‘बांगडी’ हे नाव पडले. पुणे जिल्ह्यातील त्याची नोंद १८९२ इतकी जुनी आहे. त्यास कारणीभूत होणारा जिवाणू राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम या नावाने ओळखला जातो. तो मुळांच्या जखमांतून शिरतो व पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढून त्या तुंबवितो. म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानलेले राहते. बुरशीमुळेही झाडे मरतात. शंका असल्यास खोडाच्या बुडखाचा दोन इंचांचा तुकडा पेल्यातील स्वच्छ पाण्यात लोंबता धरावा. काही मिनिटांत दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली, तर बांगडी निश्चित समजावी. या परीक्षेस खर्च काहीच नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती शेताच्या बांधावरच करून दाखवावी.

रोग जडल्यावर झाड बरे करील असे औषध नाही. जे काही करावयाचे ते लागणीपूर्वीच, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बेण्याचा व विळ्याचा. थंड हवेत वाढलेला बटाटा रोगाचे जिवाणू बाळगूनही वरून निर्दोष दिसू शकतो. तो कापलेल्या विळ्याने पुढील बेणे कापले की निरोगी फोडींनाही रोग लागतो. खरिपात जमीन उबदार व ओली असते, म्हणून त्या हंगामात लहान आकाराचे अखंड बेणेच लावणे शहाणपणाचे. रब्बीत कापावयाचेच झाल्यास दोन विळे ठेवावेत; एक वापरात असता दुसरा उकळत्या पाण्यात असावा. कडे दिसलेला बटाटा तत्काळ बाजूला काढून विळा बदलावा. रोग दिसलेल्या शेतातील बटाटा, कितीही सुबक असला तरी, बेण्यास ठेवू नये.

जिवाणू जमिनीतही टिकून राहतो. टोमॅटो, वांगी, मिरची ही पिके त्यास आश्रय देतात. तेव्हा वांग्यानंतर बटाटा घेणे म्हणजे फेरपालट नव्हे. दोन-तीन वर्षे ज्वारी, मका, गहू, कांदा किंवा लसूण घ्यावा आणि आपोआप उगवलेली बटाट्याची रोपे उपटून टाकावीत. लागणीच्या वेळी सरीत हेक्टरी १२ किलो ब्लीचिंग पावडर मातीत मिसळल्याने रोग कमी होतो. मात्र बेणेच रोगट असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

ओली सड निराळ्या जिवाणूंमुळे होते. ते जखमेतून शिरून पेशींना जोडणारा पदार्थ विरघळवितात. बटाटा आतून लगद्यासारखा होतो व त्यास दुर्गंधी येते. कोबीचे गड्डे, गाजरे व कांदेही याच रीतीने सडतात. बांगडी झालेल्या बटाट्यात तर ही सड सहज शिरते. तिचा खरा उपद्रव काढणीनंतर, आरणीत होतो. दमट व कोंदट ढिगात एका सडलेल्या बटाट्याचे पाणी खालच्या बटाट्यांवर झिरपते आणि उन्हाळ्याची उष्णता त्यात भर घालते.

याकरिता काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाला कापावा व पाणी तोडावे, म्हणजे साल पक्की होते. माल सावलीत सुकवावा. धुऊन ओला साठवू नये. कुदळीने कापलेले व खरचटलेले बटाटे आरणीत न घालता लगेच विकून टाकावेत. आरण सावलीत, उंचवट्यावर व हवा खेळेल अशी रचावी. वास येऊ लागताच ती उकलून निवड करावी. आळसामुळे ही निवड आठवडाभर लांबणीवर पडते आणि तेवढ्यात अर्धी आरण जाते. सडका माल उकिरड्यात किंवा पाटात न टाकता शेतापासून दूर खोल खड्ड्यात पुरावा.