धान कापून झाले, पण मागे दाणे किती राहिले?

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापणीला येते, त्यामागून मध्यम आणि शेवटी भारी. रोवणीला जसे सगळ्यांनाच एकदम मजूर हवे असतात तसेच कापणीलाही. इळ्याने कापलेल्या धानाचा कडपा दोन-चार दिवस बांधीत वाळत पडतो, मग भारे, मग पुंजणे, मग चुरणे. एवढ्या दिवसांत एकदा परतीचा पाऊस आला की कडपा पाण्यात जातो आणि लोंबीतच दाण्याला मोड फुटतात. गेल्या काही वर्षांत या भागात हार्वेस्टर पसरला तो या धास्तीपोटी. सकाळी उभे असलेले धान संध्याकाळी घरात येते, ही सोय लहान नाही.

मात्र हार्वेस्टरचे काम कसे झाले, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: किती तासांत किती एकर. यंत्राची पारख एवढ्यावर करणे शेतकऱ्याच्या तोट्याचे आहे.

हे यंत्र मुळात आपल्या बांधीसाठी जन्मलेच नाही. कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या या यंत्राचे, म्हणजे कंबाइनचे, पेटंट अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हायरम मूर यांनी १८३६ साली घेतले. ते घोड्यांचे ताफे ओढायचे आणि त्याने मोठ्या सपाट रानातला कोरडा गहू कापला जायचा. भारतातही कंबाइन आधी रुजला तो पंजाब-हरियाणाच्या गव्हात. धानाच्या ओल्या, बांध घातलेल्या जमिनीत त्याला बदलावे लागले. चाकांच्या जागी रबरी पट्टे आले आणि चिवट तणसातून दाणा सोडवायला खिळ्यांचा ड्रम आला.

यंत्राचे पोट समजून घेतले तर नुकसान कुठे होते तेही कळते. पुढचे रीळ धान आत लोटते, कटरबार ते कापते, साखळ्यांची पट्टी ते ड्रमकडे नेते. ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्या फटीत दाणा सुटतो. तणस मागे फेकले जाते, दाणा चाळणीवर पडतो, पंखा भूस उडवतो आणि स्वच्छ धान टाकीत चढते. रीळ फार जोरात फिरले की पिकलेली लोंबी पुढेच झडते. ड्रमचा वेग कमी किंवा फट जास्त असली तर दाणे लोंबीत अडकून मागे जातात. वेग जास्त असला तर दाणा तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. पंखा जोरात असला तर भुसासोबत भरीव धानही उडते. पीक पडलेले असेल किंवा चालकाने घाई केली असेल, तर पोटात झेपणार नाही एवढे तणस शिरते आणि दाणा सुटायच्या आत बाहेर पडतो.

आधी वेगाचा हिशोब पाहू. दोन मीटर रुंद कापणारा हार्वेस्टर ताशी तीन किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला ६,००० चौरस मीटर, म्हणजे दीड एकर काम होते. पण बांधी लहान असली की यंत्र सारखे वळते, धुरे ओलांडते, टाकी रिकामी करायला थांबते. तासातला साठ टक्केच वेळ खऱ्या कापणीत गेला, तर काम उरते एकराच्या नऊ दशांशाएवढे. तासाने भाडे देणाऱ्याने म्हणूनच लागून असलेल्या बांध्या एका ओळीत कापून घ्याव्यात, कोपरे आधी इळ्याने मोकळे करावेत आणि टाकी रिकामी करायचा ट्रॅक्टर जवळ उभा ठेवावा.

आता दाण्यांचा हिशोब. बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट पुरे. यंत्र ऐन कापणीत थांबवायचे, चार-पाच मीटर मागे घ्यायचे आणि तीन ठिकाणी चौकट ठेवायची. पहिली पुढच्या उभ्या धानात. तिथे खाली पडलेले दाणे आपोआप गळलेले, त्यांचा दोष यंत्राला नाही. दुसरी, कापले गेले पण मागचे तणस पडले नाही अशा पट्टीत. इथले दाणे उणे पहिल्या चौकटीतले, म्हणजे रीळ आणि कटरबारने झाडलेले. तिसरी यंत्राच्या मागे, तणसावर. तणस उचलून झटकायचे, सुटे दाणे वेगळे, लोंबीत राहिलेले वेगळे. तिसरीतून दुसरी वजा केली की ड्रम-चाळणीची गळती कळते. मागचे तणस कापणीच्या निम्म्याच रुंदीत पडत असेल, तर ही गळती निम्मी धरायची.

हेक्टरी ४० क्विंटल उत्पन्न धरले तर एका चौरस मीटरात ४०० ग्रॅम धान येते. हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम असेल, तर २०० दाणे म्हणजे एक टक्का. एचएमटीसारख्या बारीक धानाचे दाणे हलके, तिथे एका टक्क्याला दाणे जास्त लागतात. भारतीय मानकाने धानाच्या कंबाइनला न वेचता येणाऱ्या नुकसानीसाठी अडीच टक्क्यांची मर्यादा घातली आहे. अडीच टक्के म्हणजे या हिशोबात हेक्टरी एक क्विंटल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची यंत्रचाचणी संस्था आहे, तिथे कंबाइन तपासले जातात. पण बुदनीचा अहवाल त्या यंत्राचा, त्या दिवसाच्या पिकातला असतो. आपल्या बांधीत पडलेल्या धानात तेच यंत्र कसे वागते, हे आपणच मोजले तर कळते.

दाणा टाकीत आल्यावरही हिशोब संपत नाही. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. हार्वेस्टरचे धान बहुधा त्याहून ओले असते. २२ टक्क्यांचे एक क्विंटल १७ टक्क्यांवर वाळवले की ९४ किलोच उरते. ते ढिगात तसेच ठेवले तर गरम होऊन रंग बदलतो. दव सुकल्यावर यंत्र लावणे आणि धान लगेच पातळ पसरून वाळवणे यात म्हणूनच पैसा आहे. बियाण्याचे धान असेल तर आधीच्या शेतातले दाणे टाकीतून आणि चाळणीतून काढल्याशिवाय यंत्र शेतात घेऊ नये, नाहीतर दुसरे वाण मिसळते.

आणखी दोन नुकसाने भाड्याच्या पावतीत दिसत नाहीत. इळ्याने कापलेले धान बुडापासून येते आणि त्याचे तणस जनावरांच्या तोंडी लागते. हार्वेस्टर उंचावरून कापतो, उरलेले चुरडून टाकतो आणि पुष्कळदा ते जाळले जाते. दुसरे लाखोरीचे. आपल्याकडे धान उभे असतानाच ओलीवर लाखोरी फेकायची रीत आहे. कोवळ्या लाखोरीवरून यंत्र गेले की पट्ट्यांखालची रोपे दबतात. लाखोरी पेरलेल्या बांधीत यंत्र घालायचे की मजूर लावायचे, हे त्या पिकाचीही किंमत धरूनच ठरवावे.

मोजमाप हे शास्त्रज्ञांचेच काम, असे आपल्या भागात तरी कुणी म्हणू नये. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षे लावून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी धान आले. जो शेतकरी लोंबी निरखून वाण काढू शकतो, तो चौकटीतले दाणे मोजून हार्वेस्टर नक्कीच पारखू शकतो.

अड्याळ आणि आसपासच्या शेतकऱ्यांना, शेतकरी गटांना एवढेच सांगणे आहे. येत्या हंगामात पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की यंत्र थांबवायला लावा, तीन ठिकाणचे दाणे मोजा, जास्त निघाले तर चालकाला वेग, ड्रम किंवा पंखा बदलायला सांगा आणि पुन्हा मोजा. कृषी विभागाने गावोगावी ही चौकट दाखवावी. भाडे ठरवताना तासांसोबत गळतीही बोलून घ्या. पैसे तुमचे आहेत आणि मागे सांडलेले धानही तुमचेच आहे.