ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला का?

धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण अग्नीशिवाय धूर असत नाही. न्यायदर्शनातलं हे अनुमान आज आपण तापाला लावून बघू. ताप आला म्हणून डेंग्यूच, असं म्हणता येईल का? नाही. ताप मलेरियात असतो, चिकुनगुन्यात असतो, लेप्टोतही असतो. असा अनेक ठिकाणी सापडणारा हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार. त्यावरून निष्कर्ष निघत नाही.

मग निदान कशाने? रक्ततपासणीने. पण रक्त कोणत्या दिवशी घेतलं, हे फार महत्त्वाचं. पहिल्या साधारण ५ दिवसांत विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन रक्तात सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं त्यानंतर दिसू लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली, तरी डेंग्यू नाही असं सिद्ध होत नाही. एनएस-१सुद्धा कधी कधी हुकते, विशेषतः दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत. न दिसणं आणि नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का!

खरी कसोटी पुढेच आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. नेमक्या याच काळात काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट वाढतं, आणि रक्तदाब कोसळू शकतो. आपण मात्र प्लेटलेटचा आकडाच धरून बसतो. तो आकडा हवाच, पण एकटा पुरेसा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या वर्गीकरणात धोक्याची लक्षणं वेगळी सांगितली आहेत: पोटात खूप दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी किंवा बेचैनी. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रुग्णालय गाठायचं. हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब नको. आणि तापासाठी मनाने अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्यायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच.

तेव्हा थर्मामीटर खाली आला तरी आपली नजर माणसावरून हलता कामा नये. ताप उतरल्यावरचे दोन दिवस तरी त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं.