आधी पाणी, मग रुग्णालय : रासायनिक भाजण्यावरील उपचार, रणांगण ते कुरकुंभ

आगीपासून माणूस दूर झाला की भाजणे बहुतांशी थांबते. रसायन मात्र अंगावर असेपर्यंत कातडी जाळत राहते. त्यामुळे रासायनिक जखमेवरचा पहिला उपचार म्हणजे ते रसायन अंगावरून काढणे. वैद्यकाला हा धडा युद्धाने शिकवला. पुणे जिल्ह्यातील दौंड आणि शिरूर तालुक्यांना तो आज तितकाच लागू आहे.

पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. त्याच महिन्यात भारतीय लाहोर डिव्हिजनच्या जवानांनाही विषारी वायूला तोंड द्यावे लागले. क्लोरीनचा मारा फुफ्फुसांवर होता. जुलै १९१७ मध्ये तिथेच आलेल्या मस्टर्डने कातडी आणि डोळेही जाळले. मस्टर्डला वायू म्हणत असले तरी तो तेलकट द्रव आहे. लागताना तो दुखत नाही आणि फोड काही तासांनी येतात.

या उशिराची किंमत बारी बंदरात दिसली. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील या बंदरावर हवाई हल्ला झाला आणि मस्टर्ड बॉम्ब वाहणारे अमेरिकन जहाज फुटले. जहाजावरील माल गुप्त होता. त्यामुळे पाण्यातून काढलेल्या अनेक खलाशांना तेलाने माखलेल्या कपड्यांसकट ब्लँकेटात गुंडाळून ठेवले गेले. सहाशेहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी ऐंशीहून अधिक दगावले.

लष्करी पद्धत यातूनच घडत गेली. मदतनीसाने आधी स्वतः हातमोजे आणि मुखवटा चढवावा. जखमीचे कपडे उतरवावेत, तेलकट थेंब मुलतानी मातीने टिपून घ्यावेत आणि मग अंग धुवावे. हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत झाले तरच पुरता उपयोग होतो. मस्टर्ड अस्थिमज्जाही दडपते, म्हणून पुढचे काही आठवडे पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते. पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. त्याची जखम सतत ओली ठेवून कण पाण्याखाली वेचून काढतात.

पुण्यात १९४८ पासून सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे शिक्षण मिळते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी बटालियन मावळात सुदुंबरे येथे आहे. पण कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतून किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून पुण्याचे मोठे रुग्णालय गाठायला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात जखम खोल गेलेली असते.

म्हणून उपचार जागेवरच सुरू व्हायला हवा. आम्लाने कातडीवर घट्ट पापुद्रा धरतो आणि तो आम्लाला काहीसा अडवतो. कॉस्टिक सोडा मात्र चरबीचा साबण करत आत शिरतो, म्हणून कॉस्टिकची जखम जास्त वेळ धुवावी लागते. चुनकळी किंवा कोरडी पूड आधी झटकावी, मग भरपूर वाहते पाणी किमान अर्धा तास सोडावे. डोळे पापण्या उघड्या धरून धुवावेत. आम्लावर सोडा किंवा सोड्यावर लिंबू ओतू नये, कारण त्यातून निघणाऱ्या उष्णतेने जखम वाढते.

काही रसायनांना वेगळा नियम आहे. सोडियम धातूला पाणी लागले की तो भडकतो. त्याचे तुकडे खनिज तेलाखाली चिमट्याने काढतात. फिनॉल कातडी बधिर करतो, त्यामुळे जखम फसवी वाटते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल रक्तातील कॅल्शियम ओढून हृदय बंद पाडू शकते. धुतल्यावर त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम चोळावे लागते.

साखर कारखान्यात कॉस्टिकने भांडी धुणाऱ्या कामगारालाही हीच माहिती हवी. पाणी येणारा सेफ्टी शॉवर प्रत्येक विभागात असावा, तो दर आठवड्याला चालवून पाहावा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत जखमीबरोबर रसायनाच्या नावाची चिठ्ठी द्यावी. कारखानदार आणि कामगार संघटना, दोघांनीही हे काम या दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे.