गुहेतलं ऊन पाणी

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला गरम पाण्याच्या कुंडाशी काय घेणंदेणं?’ उत्तर पुढे येईलच. नाहीच पटलं, तर निदान आइसलँडमधली एक गुहा तरी तिकीट न काढता पाहिल्याचं समाधान घेऊन जा.

आमची मुलगी आणि जावई मला आइसलँडला घेऊन गेले होते. त्या देशाच्या उत्तरेला मीवात्न नावाचं तळं आहे. ‘मी’ म्हणजे चिलटं आणि ‘वात्न’ म्हणजे पाणी. नाव ठेवणाऱ्यानं अतिशयोक्ती केलेली नाही, हे गाडीचं दार उघडल्याबरोबर कळतं. या तळ्याजवळ ग्र्योटाग्याऊ नावाची गुहा आहे. ‘ग्र्योट’ म्हणजे दगडधोंडे, ‘ग्याऊ’ म्हणजे भेग. दगडांतली भेग, एवढाच त्या नावाचा अर्थ.

बाहेरून पाहिलं तर काही वाटत नाही. काळ्या लाव्हाचं माळरान, त्यातून लांबवर गेलेला एक चिरा, आणि त्या चिऱ्यात माणूस वाकून शिरेल एवढं तोंड. दगडांवर हात टेकत खाली उतरायचं. माझा चष्मा तत्क्षणी धुरकटला. तो पुसून पाहतो तो समोर निळं, अगदी नितळ पाणी, तळाचे दगड दिसतायत, वर वाफ तरंगतेय आणि तोंडातून आलेला उजेड त्या वाफेवर पडलाय. डोक्यावर मोठमोठे धोंडे एकमेकांच्या आधारानं अडकलेले. कोणालाही वाटेल, कपडे काढावेत आणि उतरावं. पण बाहेर पाटी आहे : स्नानास मनाई.

आता हे पाणी तापतं कसं, ते आधी पाहू. आपल्याकडच्या कुंडांपासून सुरुवात करू, म्हणजे फरक कळेल. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव, नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर. या नावांत आरंभी काय आहे? ऊन. आज आपण ऊन म्हणजे सूर्याचं असंच धरतो. पण ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तेव्हा जुना अर्थ जिवंत असतो. ऊन म्हणजे उष्ण. ही गावं पाण्यावरून नाव घेऊन बसलीयत. या कुंडांखाली ज्वालामुखी धुमसतोय असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. आपल्याकडे पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं. जमिनीत साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियसनं तापमान वाढतं. खोलवर तापलेलं ते पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. सावकाश चालणारा, शांत उद्योग आहे हा.

आइसलँडमध्ये दगड तोच, बसाल्ट, पण गोष्ट अजून संपलेली नाही. उत्तर अमेरिकेचं आणि युरेशियाचं अशी दोन भूपट्टं तिथे एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकतायत. ज्या भेगेत आपण उतरतो, ती त्या ताणानं पडलेल्या असंख्य भेगांपैकी एक. खालच्या भूजलापर्यंत ती पोचली म्हणून पाणी उघडं पडलं, आणि शिलारस जवळ आहे म्हणून ते गरम. म्हणजे हे कुंड कोणी बांधलेलं नाही, कोणा देवाच्या नावावरही नाही. जमीन फाटली आणि आत पाणी दिसलं, इतकंच.

पण माणसं तिथे पोचलीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योन मार्कुसॉन नावाचा एक कायद्यातून परागंदा झालेला माणूस तिथे राहत आणि स्नान करत होता असं सांगतात. पुढे आसपासच्या लोकांची ही नेहमीची न्हाण्याची जागा झाली. दोन कुंडं आहेत, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं. जाता जाता सांगतो, आइसलँडच्या भाषेत शनिवारला जो शब्द आहे, लौगरदागुर, त्याचा अर्थच ‘न्हाण्याचा वार’. ज्या भाषेनं आठवड्यातला एक दिवस आंघोळीला देऊन टाकला, त्या लोकांना या गुहेचं केवढं अप्रूप असेल, विचार करा.

आणि मग १९७५ साल उजाडलं. गुहेच्या उत्तरेला क्राफ्ला नावाचा ज्वालामुखी आहे. लिहितात क्राफ्ला, म्हणतात क्राप्ला. डिसेंबर १९७५ पासून सप्टेंबर १९८४ पर्यंत तो जागा होता. जमिनीखाली शिलारस साठायचा, जमीन फुगायची. मग तो आडवा भेगांमधून पळायचा आणि जमीन पुन्हा बसायची. असं वीसेक वेळा झालं, त्यात नऊ वेळा लाव्हा प्रत्यक्ष बाहेर आला. सप्टेंबर १९७७ मध्ये तर कमाल झाली. ब्यार्नरफ्लाग इथे भूगर्भातल्या वाफेवर वीज करण्यासाठी खणलेल्या एका विवरातून चक्क शिलारस उसळून बाहेर आला. वाफ काढायला नळी घालावी आणि नळीतून ज्वालामुखी यावा! ती जागा आपल्या गुहेपासून काही किलोमीटरवरच.

या काळात गुहेतलं पाणी तापत गेलं. पन्नास अंशांच्या वर गेलं. पिढ्यानपिढ्या लोक ज्यात न्हात होते, त्यात आता हात घालवेना. नंतर ते हळूहळू उतरलं, पण अजून ४३ ते ४६ अंशांच्या आसपास वरखाली होत असतं. पुढे एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेमुळे पर्यटकांची रीघ लागली आणि जमीन खासगी मालकीची असल्यानं मालकांनी स्नानाला बंदी घातली. मला ती बंदी योग्य वाटते. एवढ्याशा साचलेल्या पाण्यात रोज शेकडो माणसं उतरली असती तर ते निळं राहिलं नसतं.

गंमत पुढे आहे. जवळच दुसरी भेग आहे, स्टोराग्याऊ, म्हणजे ‘मोठी भेग’. तिथलं पाणी उलट थंडावत जाऊन २८ अंशांच्या आसपास आलं. त्या कोमटपणात शेवाळ आणि जिवाणू आनंदानं वाढतात, म्हणून तिथेही उतरू नका असं सांगतात. म्हणजे दोन भेगा शेजारीशेजारी. एक फार तापली म्हणून गेली, दुसरी फार निवली म्हणून गेली.

इथे माझा विषय सुरू होतो. गुहेत ‘स्नानाचं कुंड’ नावाची वस्तू आहे का? पृथ्वीच्या बाजूनं पाहिलं तर नाही. तिथे भेग आहे, पाणी आहे, तापमान आहे. शिलारस हजार अंशांच्या वरचा, डोंगरावरचं बर्फ शून्याचं, आणि यांच्यामध्ये ३७ ते ४१ अंशांची एक चिंचोळी फट आहे, जिच्यात माणसाचं शरीर सुखानं बसतं. पाणी काही काळ त्या फटीतून गेलं. तेवढा काळ ते ‘कुंड’ होतं.

आपल्या वैशेषिकांनी या प्रश्नाचा फार बारीक विचार केला आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्यांना आठवेल, स्पर्श तीन प्रकारचा : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ना उष्ण ना शीत. पाण्याचा स्वतःचा स्पर्श शीतच. मग उन्हवऱ्याचं पाणी गरम कसं? ते म्हणतील, ती उष्णता पाण्याची नव्हे, पाण्यात शिरलेल्या तेजाची. विद्यार्थी असताना मला हे हास्यास्पद वाटायचं. गुहेत उभा राहिलो तेव्हा वाटलं, भूगर्भशास्त्रज्ञ वेगळं काय सांगतोय? उष्णता खालून आली, पाणी तिला वाहून आणतं. रूपक सोडा, पण पाहुण्याची उष्णता यजमानाची मानायची नाही, ही शिस्त चांगली आहे.

दुसरीकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनं एक साधं उदाहरण दिलं. एक हात गार झालेला, दुसरा तापलेला. दोन्ही एकाच पाण्यात घाला. एकाला पाणी गरम लागेल, दुसऱ्याला गार. एकच पाणी एकाच वेळी गरम आणि गार असणार नाही. तेव्हा गरमपणा जसा जाणवतो तसा पाण्यात नसतो. पुढे बर्कलीनं म्हटलं, तीव्र उष्णता ही तर वेदनाच, आणि वेदना विस्तवात कशी असेल? मी हे बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं. घरी करून पाहा, तीन भांडी पुरतात.

आणि तरीही मला ते कळलं नव्हतं. हे आज सांगायचं ठरवून आलोय. मी पस्तिशीत असताना वडिलांना घेऊन कोकणातल्या एका कुंडावर गेलो होतो. कुंडाचं नाव महत्त्वाचं नाही, दोष कुंडाचा नव्हता. वडील सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. आम्ही दोघं पाण्यात उतरलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘पुरे रे, जरा जास्तच ऊन आहे.’ मी म्हणालो, ‘अण्णा, काही ऊन नाही, पाणी छान आहे. बसा अजून, गुडघ्यांना बरं वाटेल.’ ते माझ्या शब्दावर बसले. नंतर उठून उभे राहिले आणि पायरीवरच कोसळले. कपाळाला खोक पडली. शेजारच्या दोघांनी उचललं म्हणून निभावलं. आदल्याच आठवड्यात मी वर्गात लॉकचे दोन हात समजावून दिले होते. आणि इथे माझ्या कातडीनं दिलेली बातमी मी पाण्याचा गुणधर्म म्हणून वडिलांच्या गळ्यात मारली.

काय झालं होतं, ते नंतर डॉक्टर मित्रानं सांगितलं. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पाण्यात बसलेलं असताना पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो, म्हणून त्रास जाणवत नाही. उठलं की तो आधार सुटतो, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब पडतो. तरुण शरीर क्षणात सावरतं. म्हातारं, त्यातून रक्तदाबाची गोळी घेणारं शरीर उशिरा सावरतं. गुहेत आणखी एक भर पडते. आपला घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. वाफेनं भरलेल्या बंद जागेत घाम येतो, पण वाळत नाही. म्हणून तिथे पाण्यात न उतरताही पाच मिनिटांत जीव घाबरा होतो. माझा झाला.

आणि ते ‘चटका’ प्रकरण? कातडीतल्या काही मज्जातंतूंवर एक ग्राहक प्रथिन असतं, ते साधारण ४३ अंशांच्या वर जागं होतं. मिरचीतल्या तिखट द्रव्यानंही तेच जागं होतं. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह नोबेल मिळालं. ठेच्यानं तोंड ‘पोळलं’ असं आपण म्हणतो, ते शरीराच्या लेखी जवळजवळ शब्दशः खरं आहे. आता आकडे पुन्हा पाहा. त्या गुहेतलं पाणी ४३ ते ४६, म्हणजे नेमकं या उंबरठ्यावर. एकाला सोसेल, दुसऱ्याला पोळेल. पन्नासच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते, साठमध्ये काही सेकंदांत. तिथे मात्र मतभेदाला जागा नाही. लॉकचे दोन हात कोमट पाण्यातच वाद घालू शकतात. उकळत्या पाण्यात दोघांचं लगेच एकमत होतं. सापेक्षतेचं नाव घेऊन काहीही खपवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गुहेतून आम्ही बाहेर आलो. जवळच २००४ साली उघडलेलं एक स्नानगृह आहे, उघड्यावरचं. त्याचं पाणी त्याच ब्यार्नरफ्लागच्या विवरातून येतं, पण निववून, ३६ ते ४० अंशांत राखलेलं. जी फट निसर्गात आली आणि गेली, ती इथे माणसानं तोट्या लावून धरून ठेवलीय. तिकीट महाग आहे. जावयानं काढलं, मी आढेवेढे घेतले नाहीत.

पाण्यात बसलो. बाहेर बोचरा वारा, मानेपर्यंत ऊब, समोर तपकिरी डोंगर आणि मागे वाफेचे लोट. मुलगी काठावर घड्याळ घेऊन बसलेली. दहा मिनिटांनी म्हणाली, ‘बाबा, चला आता.’ मी म्हणालो, ‘अगं, पाणी छान आहे.’ ती म्हणाली, ‘तुम्हांला छान वाटतंय. उठा.’

मी कठडा धरला, आधी पायरीवर बसलो, दोन मिनिटं तसाच थांबलो आणि मग उभा राहिलो. प्रश्न असतील तर घेऊ.